रोहूचे तांबडे पर

लग्न होऊन मी सावली गावात आले, त्याला चारच महिने झाले होते. नवरा सरकारी मत्स्यखात्यात कॅमेरा चालवायचा. तलावात मासे कसे वाढवायचे, यावर रंगीत फिल्म काढायचं काम त्याच्याकडे आलं होतं. कॅमेरा काच बसवलेल्या पत्र्याच्या पेटीत बंद करायचा, पेटी घेऊन छातीभर पाण्यात उतरायचं आणि ती बुडवून मासे टिपायचे.

पहिलं रीळ मुंबईहून धुऊन आलं. शाळेच्या खिडक्यांना घोंगड्या लावून, जीपमधल्या जनरेटरवर ते गावाला दाखवलं. भिंतीवर सगळं हिरवंगार! मासे तर पालकाच्या भाजीत शिजल्यासारखे. तलावात जाळं टाकणारी एक ढिवरीण पुढेच बसली होती. ती उठून म्हणाली, "साहेब, हे रोहू नाई. आमच्या रोहूचे पर तांबडे रायतेत. कुठचे मासे आनले तुमी?"

लोक हसले. नवरा मात्र दोन दिवस ते रीळ पुन्हा पुन्हा उजेडात धरून बघत होता.

तिसऱ्या दिवशी त्यानं फिल्टरांचा डबा काढला. लेन्ससमोर लावायच्या त्या रंगीत, पातळ चकत्या.

"कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत लाल फिल्टर लावायला सांगितलंय," तो म्हणाला.

"कोणत्या पाण्यासाठी?"

त्यानं पान उलटलं. "समुद्राच्या. निळ्या."

"आपला तलाव तर हिरवा आहे!"

माझे वडील नागभीडचे रंगारी. लुगड्याच्या लाल रंगात भलती झाक आली, की तिच्या उलट रंग चिमूटभर टाकून ते ती मारायचे. हिरव्याला गुलाबी-जांभळा मारतो, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी लुगडं खोचून मीच तलावात उतरले. ढिवरीणबाई हातभर अंतरावर पाण्याखाली पांढरं फडकं धरून उभी राहिली. एका डब्याचा तळ काढून तिथं काच बसवली होती. तो डबा पाण्यावर टेकवून मी एकेक चकती डोळ्यापुढे धरली. लालनं फडकं मातकट दिसलं, नारिंगीनं पिवळट.

"बाई, पाय बधिर होऊन राह्यले माहे," ती ओरडली. थंडीचे दिवस होते.

"एकच राहिली, बाई!"

शेवटची चकती जांभळाच्या पातळ रसासारखी, गुलाबी-जांभळी. तिच्यातून पाहिलं आणि फडकं पांढरं झालं. मी इतक्या जोरात किंचाळले की काठावरचे बगळे उडाले. तिनंही डब्यातून पाहिलं. "अवं माय!" म्हणत ती हसत सुटली.

फिल्टरमुळे उजेड कमी होतो, म्हणून नवऱ्यानं भर दुपारी चित्रण केलं. लांबच्या माशांवर हिरवं चढतंच, म्हणून ढिवरीणबाईनं कोंडा टाकून रोहू पेटीच्या काचेपाशी आणले.

महिन्याभरानं रीळ आलं. शाळेत पुन्हा घोंगड्या लागल्या. भिंतीवर एक रोहू वळला आणि त्याचे तांबडे पर लखकन चमकले.

"हाच! हाच आमचा रोहू!" ढिवरीणबाई उभी राहून टाळ्या पिटू लागली. तिच्या आग्रहामुळे तो तुकडा तीनदा दाखवावा लागला. तिसऱ्या वेळी तर सगळी खोली ओरडत होती.

सामान आवरताना नवऱ्यानं फिल्टरांचा डबा माझ्या हातात ठेवला. "पुढच्या तलावाला तूच चल," तो म्हणाला. पुढचे तीन हिवाळे मी जिल्ह्यातले कितीतरी तलाव पायांनी ढवळले. इतकी मजा मला नंतर कुठल्याच कामात आली नाही.