आजी सिनेटरचा प्रचार, मुक्काम गोरेगाव

अमेरिकेतल्या एका सिनेटरबाईंचा प्रचार मी आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात बसून केला, आणि त्यातून सावरायला बाईंना बराच काळ लागला.

राज्याचं नाव सांगत नाही. (लपवायचं म्हणून नव्हे, मला ते अजून धड उच्चारता येत नाही.) तिथंही आपल्यासारखंच सोयाबीन पिकतं, एवढं माहीत आहे. सिनेटर म्हणजे आपल्या खासदारासारखं, पण अख्ख्या राज्यानं मतं द्यायची. या बाई तीनदा निवडून आलेल्या, चौथ्यांदा उभ्या होत्या. वय पंचाहत्तरीच्या पुढं. समोरचा उमेदवार चाळिशीतला, तगडा, सकाळी पळायला जाणारा. त्याचा मुद्दा एकच : बाईंचं वय झालं, आता घरी बसा. त्यात भर म्हणजे एका सभेत बाई स्टेजच्या पायरीवरून घसरल्या आणि गुडघ्याला पट्टी बांधून फिरू लागल्या.

आता हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला या भानगडीत पडायचं कारण काय? कारण होतं, आणि ते हसण्यासारखं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी माझी बायको सुलोचना शेवटच्या दुखण्यात होती. आमची एकुलती एक लेक प्रज्ञा त्या राज्यात एका दवाखान्यात औषधं देण्याचं काम करते. तिचे तिथं राहायचे कागद नेमके तेव्हाच अडकलेले. देश सोडला तर परत आत घेतील याची खात्री नाही, आणि पदरात अंगावर पिणारं लेकरू. इकडं सुलोचना दाराकडं बघत पडलेली. कुणाच्या चपला वाजल्या की विचारायची, "प्रज्ञी आली का?" प्रज्ञानं सगळीकडं फोन केले आणि शेवटी या सिनेटरबाईंच्या कार्यालयात केला. संध्याकाळी खुद्द बाईंचा फोन आला. काय केलं त्यांनी, कुणाला झापलं, देव जाणे, पण आठवड्याच्या आत कागद हातात पडले आणि लेक घरी आली. तिच्या हातची पेज सुलोचनानं खाल्ली. तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेली.

तेव्हा ही बाई आमच्या घरात नातलग झाली होती. तिला खबर नसली म्हणून काय झालं!

तर निवडणूक जवळ आल्यावर एके सकाळी प्रज्ञाचा फोन आला.

"बाबा, या वक्ताला लई घासून चाललंय. इथं एका गावात आपली मराठी माणसं पुष्कळ हायेत. तिथलं प्रचाराचं काम माझ्याकडं दिलंय. तुमी एक छोटा व्हिडिओ पाठवा. बाईनं आईच्या वक्ताला काय केलं, तेवढंच सांगा."

"बस एवढंच? अगं, आख्खा प्रचार करतो की!"

"बाबा, भाषण नको. फक्त आईचं सांगा."

"बराबर. फक्त आईचं," मी म्हणालो.

इथं माझी ओळख करून द्यायला पाहिजे. मी यशवंत. गोरेगावात माझं लाउडस्पीकरचं दुकान. लग्न, जयंती, कुस्त्या, निवडणुका, सगळीकडं भोंगा माझा आणि आवाजही माझाच. सेनगाव तालुक्यात असा रस्ता नाही जिथं मी जीपमधून "ताई, माई, अक्का" केलेलं नाही. अशा माणसाला 'भाषण नको' म्हणणं म्हणजे म्हशीला 'पाण्यात बसू नको' म्हणण्यासारखं आहे.

रेकॉर्डिंगला माझा दोस्त रामसिंग राठोड आला. हा पलीकडच्या तांड्यावरचा. सेनगाव-गोरेगाव जीप चालवतो आणि प्रत्येक निवडणुकीत माझा सारथी असतो. माझी थोरली बहीण, अक्का, दाराशी शेंगा फोडत बसली होती. मी जाकीट घातलं, माइक हातात घेतला, एको थोडा चढवला आणि सुलोचनाचं सांगायला लागलो. पहिल्याच वाक्याला शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. दुसरं वाक्य निघेना. रामसिंगनं मोबाइल खाली केला.

"भाऊ, असं रडकं नका करू. नेहमीचं लावा!"

खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. मी नेहमीचं लावलं.

"बंधू आणि भगिनींनो! आपल्या लाडक्या, कर्तव्यदक्ष, आजी सिनेटर! होय, आजी सिनेटर! त्यांना माजी होऊ देऊ नका! बाई पडल्या, तर आपलं नाक कापलं जाईल! म्हणून सांगतो, आजीला माजी होऊ देऊ नका...नका...नका!" (शेवटचे दोन 'नका' एकोचे.)

"वा!" रामसिंग म्हणाला. "आजी-माजी! अमेरिका हालली बघा!"

"आन् सुलोचनाचं काहून न्हाई सांगितलं?" अक्कानं शेंग फोडत विचारलं.

"शेवटी एक ओळ टाकली की."

"ती भोंग्यात बुडाली," अक्का म्हणाली.

व्हिडिओ गेला. प्रज्ञा तेव्हा ड्युटीवर होती. बापावर विश्वास ठेवून तिनं तो न बघताच पुढं पाठवला. (माणसानं बापावर विश्वास ठेवावा, पण बघून ठेवावा.) प्रचाराच्या कचेरीत मराठी कुणालाच येत नव्हतं. त्यांनी तो भाषांतराच्या यंत्राला दिला. यंत्रानं माझं भाषण ऐकलं, खाली इंग्रजी अक्षरं उमटवली आणि कचेरीनं ते सगळ्या गावाला, मराठी न येणाऱ्यांनाही, वाटून टाकलं.

दोन दिवसांनी सकाळी फोन वाजला. प्रज्ञाचा आवाज एकदम सपाट होता. तिची आई चिडली की असाच बोलायची.

"बाबा, तुमी नेमकं काय बोललात?"

"काहून? आवडलं न्हाई का लोकांना?"

"आजी सिनेटर म्हणालात?"

"मग? आजी म्हणजे आज आहेत त्या. विद्यमान. आजी-माजी आमदार म्हणतो की आपण!"

"मला कळतं, बाबा. यंत्राला न्हाई कळत. त्यानं आजी म्हणजे आईची आई केली. खाली लिहून आलंय, आपली म्हातारी आजी सिनेटर!"

ज्या बाईच्या वयावरून सगळं रान पेटलेलं, तिचा प्रचार आम्ही 'म्हातारी आजी' म्हणून केला होता!

"बरं, पण पुढचं चांगलं हाये. माजी होऊ देऊ नका."

"त्याचं यंत्रानं 'माझी' केलंय. ही आजी माझी होऊ देऊ नका, असं लिहून आलंय."

"आं?"

"आन् त्याच्या पुढं लिहिलंय, ही म्हातारी जमिनीवर पडली तर तुमची नाकं कापली जातील."

मग तिनं बाकीचं सांगितलं. समोरच्या उमेदवाराच्या पोरांनी तो व्हिडिओ उचलला होता. बाईंच्या घसरण्याच्या फोटोला माझा आवाज जोडून तो राज्यभर फिरत होता, एकोसकट. कुणीतरी पोलिसांना विचारलं होतं की ही नाक कापायची धमकी देणारी टोळी कोणती! कचेरीतल्या मुख्य माणसानं प्रज्ञाला नरमाईनं सांगितलं होतं की तुम्ही थोडे दिवस घरी थांबा.

"तुला काढलं?" मी विचारलं.

"थांबा म्हणालेत." आणि मग बारीक आवाजात, "बाबा, मी फक्त आईचं सांगा म्हणाले होते."

फोन ठेवला तिनं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

गोरेगावात अशी गोष्ट झाकून राहत नाही. संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर मला जागा मिळू लागली. लोक उठून देऊ लागले! "बसा भाऊ, अमेरिका पाडून थकला असाल." सेनगावचा एक पत्रकार जीपमध्ये भेटला, तर म्हणाला, मुलाखत द्या, पण नाकाला हात लावून फोटो पाहिजे. अक्का माझ्याशी बोलायची बंद झाली. ताट समोर ठेवायची आणि पाठ करून बसायची.

रामसिंगला मात्र उपाय सुचला. "भाऊ, दुसरा व्हिडिओ करा. या टायमाला इंग्रजीतच बोला. यंत्राची भानगडच नको!"

शेजारच्या पोरीकडून शब्दकोश आणला. आजी म्हणजे विद्यमान, विद्यमानला 'सिटिंग' असा शब्द सापडला.

"सिटिंग म्हणजे बसलेली?" रामसिंगनं विचारलं.

"व्हय."

"आवो, मग मेलो की! आपल्याकडं उमेदवार बसला म्हणजे माघार घेतली! पैसे घेऊन बसला असं म्हणतेत! बाई बसली असं सांगता व्हय तिथं?"

मी शब्दकोश मिटला. तीस वर्षं भोंग्यावर घालवली, पण एक वाक्य बोलायची एवढी भीती कधी वाटली नव्हती. शेवटी मी काहीच पाठवलं नाही. प्रज्ञाला फोन करायलाही हात धजेना. बाईनं आमच्या घराला जे दिलं होतं, त्याची परतफेड मी अशी केली होती. आणि लेकीनं जिवापाड धरलेलं काम माझ्यामुळं तिच्या हातातून गेलं होतं. दुकानात माइकवर फडकं टाकून ठेवलं. एका बारशाची ऑर्डर आली, ती नाकारली.

आणि मग प्रज्ञाचाच फोन आला. "बाबा, उद्या सकाळी घरी राहा. बाईंना तुमच्याशी बोलायचंय."

"कोन्या बाईंना?"

"बाबा!"

सकाळी मी अंघोळ करून, पांढरा शर्ट घालून बसलो. अक्का न बोलता शेजारी येऊन बसली. रामसिंग जीप सोडून आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मोबाइल स्टीलच्या डब्याला टेकवला. पडद्यावर अर्ध्या भागात प्रज्ञा, अर्ध्यात सिनेटरबाई. पांढरे केस, चष्मा, चेहरा थकलेला. मी उठून जयभीम केला, मग नमस्कार केला. (काय करावं ते कळेना म्हणून दोन्ही केलं.)

बाई काहीतरी बोलल्या. प्रज्ञा म्हणाली, "बाबा, त्या म्हणतात, तुमच्या व्हिडिओचा घोळ मी त्यांना समजावून सांगितला. मनाला लावून घेऊ नका. त्या चार नातवंडांच्या आजीच हायेत, आन् नाकही अजून जागेवर हाये."

रामसिंग खो-खो हसला. अक्कानं त्याच्याकडं असं बघितलं की तो अर्ध्यात थांबला.

मग बाई गंभीर झाल्या. हळू बोलल्या. प्रज्ञानं ते सांगायला थोडा वेळ घेतला.

"त्या विचारतात... आईचं नाव काय होतं. मी तिकडं येऊन पोचले तेव्हा आई कशी होती. त्यांनी कागद करून दिले, पन पुढं काय झालं ते त्यांना कुणी सांगितलंच न्हाई."

मी तोंड उघडलं. तालुक्यातली सगळी गावं ज्या आवाजाला ओळखतात, तो आवाज कुठं गेला कुणास ठाऊक! माइक नाही, एको नाही, समोर फक्त दोन चेहरे.

"सांग ना रे," अक्का म्हणाली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"सुलोचना," मी म्हणालो. "नाव सुलोचना. ती वाट बघत होती. लेक आली. तिनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. मग ती गेली. तुमच्यामुळं ती वाट बघत गेली नाही."

एवढंच. आता हे इंग्रजीत सांगायचं होतं प्रज्ञाला. तिनं एक शब्द बोलायला घेतला आणि तिला जमलं नाही. ती नुसती पडद्याकडं बघत राहिली. डोळ्यांतून पाणी चाललेलं. बाई दोघांकडं बघत होत्या. त्यांना एक अक्षर कळलं नसणार. पण त्यांनी चष्मा काढला, डोळे टिपले आणि मान खाली घालून बसून राहिल्या. आमच्या घरात मयताला आलेल्या बाया बसतात, तशाच.

फोन संपल्यावर रामसिंगनं घसा साफ केला. "भाऊ, हे रेकॉर्डिंग केलं का?"

"न्हाई."

"आरं देवा! हाच तर प्रचार होता!"

प्रज्ञाला बाईंनी परत कामावर घेतलं. घरोघरी फिरायचं काम दिलं. व्हिडिओ सोडून काहीही करा, म्हणाल्या. ती शेवटच्या दिवसापर्यंत त्या गारठ्यात दारं वाजवत फिरली. निकालाच्या सकाळी आम्ही तिघं मोबाइलभोवती बसलो होतो.

"बाबा, बाई आल्या! थोडक्यात, पन आल्या!"

अक्कानं गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. रामसिंग बाहेर जाऊन जीपचा हॉर्न वाजवून आला. मी विचारलं, "आन् ते आपलं मराठी माणसांचं गाव?"

"तिथं पडल्या, बाबा."

"किती?"

"लई नका विचारू. सगळीकडं मतं वाढली. जिथं तुमचा व्हिडिओ आपणच वाटला, तेवढ्या एका गावात घटली."

पुढं महिन्याभरानं आमच्याकडं जिल्हा परिषदेची हवा सुरू झाली. एके सकाळी गटातला एक उमेदवार शाल आणि नारळ घेऊन दुकानात आला, पाया पडला. मला बरं वाटलं. माइकवरचं फडकं काढत मी विचारलं, "बोला, कधीपासून भोंगा फिरवायचा?"

"आजपासूनच भाऊ," तो हात जोडून म्हणाला. "गाडी माझी, डिझेल माझं. फक्त प्रचार तेवढा समोरच्याचा करा!"