अठरावा जॉइंट

माझी शेवटची फील्ड पोस्टिंग चौदा हजार फुटांवरच्या एका चौकीत होती. मी इंजिनिअर रेजिमेंटचा हवालदार, ट्रेड प्लंबर. हाताखाली चार जवान. काम एकच: खालच्या नाल्यावरून इन्फंट्री कंपनीच्या टाकीपर्यंत पाण्याची लाइन चढवायची. लाइन नव्हती तोवर रोज सहा जवान जेरीकॅन घेऊन नाल्यावर उतरत. वाटेत दरडीचा उतार होता. ऊन चढलं की वरचा बर्फ सैल होऊन दगड सुटत. म्हणून ऑर्डर होती, सकाळी नऊनंतर उतारावर कोणी जायचं नाही.

सुभेदार साहेब बारा दिवस द्यायला तयार होते. मी सौदा केला. आठव्या दिवशी दुपारी बाराच्या आत पाणी टाकीत पाडतो, माझ्या पोरांना दहा दिवस जादा सुट्टीची शिफारस करा. साहेब कबूल झाले.

पाइप काळा, एचडीपीई प्लास्टिकचा. जोडायला कम्प्रेशन कपलर. आपल्याकडे शेतात हेच वापरतात आणि निवृत्तीनंतर औंढ्यात टाकलेल्या माझ्या दुकानात हेच सर्वांत जास्त खपतं. नट, आत दातेरी रिंग, तिच्यामागे रबरी रिंग. दातेरी रिंग पाइप धरते, पाणी अडवते ती रबरी रिंग. म्हणून पाइप काटकोनात कापायचा, कड तासायची, किती आत जायला हवा ते मोजून खूण करायची, साबणाचं पाणी लावायचं आणि खूण नटाला टेकेपर्यंत दाबायचा. पाइप रबराच्या अलीकडे राहिला तरी नट घट्ट बसतो. हाताला काही कळत नाही.

थंडीत पाइप लाकडासारखा झाला होता. लान्स नाईक सुदाम चव्हाण प्रत्येक टोक ब्लेडने तासायचा आणि चाकूने खूण कोरायचा. तो शिरड शहापूरजवळच्या तांड्यावरचा, माझ्याच जिल्ह्यातला. उताराचा पट्टा रजिस्टरमध्ये त्याच्या नावावर होता, सातव्यापासून अठराव्यापर्यंत बारा जॉइंट. सहाव्या दिवशी तो अठराव्या जॉइंटवर बसला होता. माझं डोकं फिरलं.

"नक्षी काढून राहिला का रे?"

"खूण न्हाई तर आत गेला का न्हाई कसं कळंल, उस्ताद? का पाइपालाच इचारू?"

बाकीचे हसले. मी त्याला बाजूला सारलं, स्टोव्ह पेटवला, टोक आचेवर मऊ केलं आणि ठोकून बसवलं. शेतात सगळे असंच करतात. नट आवळला आणि त्याला म्हणालो, हे बघ, दोन मिनिटं. आचेवर धरलेलं टोक गोल राहत नाही, रबर त्यावर नीट बसत नाही, हे मला ठाऊक होतं.

आठव्या दिवशी ०८१५ ला पंप सुरू केला. मी वर टाकीपाशी, सुदाम खाली पंपावर. ०९२० ला वायरलेस सेट वाजला.

"टँक, पंप. अठराव्यावर पाणी उडून राहिलं. ओव्हर."

"पंप बंद कर. जाऊन नीट कर. ओव्हर."

"उस्ताद, नऊ वाजून गेले. ओव्हर."

"पाच मिनिटांचं काम आहे. ओव्हर."

"रॉजर."

०९४१ ला दगड सुटले. मी सेटवर सात वेळा बोलावलं.

उतार गार झाल्यावर, १७३० ला आम्ही गेलो. सुदाम जॉइंटच्या खाली चाळीस पावलांवर होता. त्याने नट उघडला होता, माझं लंबगोल टोक कापून टाकलं होतं, नवं टोक तासून त्यावर खूण कोरली होती. फक्त दाबायचं राहिलं होतं. ते मी केलं. दुसऱ्या दिवशी ०७०० ला पाणी टाकीत पडलं.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीत, म्हणजे लष्करी चौकशीत, मी ते कापलेलं जळकं टोक टेबलावर ठेवलं. जॉइंट माझा, ऑर्डर माझी, असं तीनदा सांगितलं. प्रिसायडिंग ऑफिसर म्हणाले, रजिस्टरमध्ये पट्टा चव्हाणचा आहे. अहवालात आलं: मृत जवानाच्या कामातील दोष, मनाई असलेल्या वेळेत उतारावर गेला. मी भाव करण्यात कधी हरलो नाही. तिथे एक ओळ बदलून घेता आली नाही. नंतर चार अर्ज केले. फाइल बंद आहे, एवढंच उत्तर येतं.

सुट्टीवर आलो तेव्हा तांड्यावर गेलो. सुदामच्या वडिलांनी बाजेवर बसवलं, पाणी दिलं.

"सायेब, पोराचं काम कच्चं व्हतं म्हून लिवलंय. व्हय का?"

"न्हाई, बाबा. तो जॉइंट माझा होता. नऊनंतर त्याला पाठवलं तेही मीच."



"मग ते कागदावर काहून न्हाई?"

म्हणून हा कागद.

लान्स नाईक सुदाम चव्हाण. त्या उतारावर त्याने अकरा जॉइंट पूर्ण केले आणि बारावा तयार करून ठेवला. मी चौकी सोडली तोवर त्यातला एकही गळला नव्हता.