चौथ्या नंबरवर भैरवी

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला. मूर्तिजापूरच्या शाळेत जन्मभर गाणं शिकवलेला माणूस पाटीवर लिहून चहा मागू लागला. त्यांच्या गाण्याचं एवढंच उरलं होतं: एका मैफलीच्या दोन कॅसेटी, बारा चिजा, शेवटची भैरवी. ती मैफल आपल्या तबलजीसोबत बसून एकदा पुरती ऐकायची, एवढीच त्यांची इच्छा होती.

कॅसेटी घरघरायला लागल्या होत्या, म्हणून अकोल्याच्या माझ्या खोलीत मी त्या कंप्यूटरवर उतरवल्या. भाऊजींनी एक तयार प्लेअर टाकून दिला, तर तो मेला कुठलंही गाणं कुठूनही वाजवायचा. "काय फरक पडते? गाणं ते गाणंच," भाऊजी म्हणाले. डोकंच फिरलं माझं! मैफल म्हणजे काय भेळ आहे, कुठूनही चमचा मारायला? मी काळ्या पडद्यावर स्वतः हुकूम लिहून स्क्रिप्ट तयार केली. अल्बमचं नाव टाकायचं, की पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीनं वाजणार. मधे उडी नाही. मग भेटेल त्याला मी क्रमावर भाषण देत सुटलो.

रविवारी दुपारी बाबा आले, तबलजी चाचा आले. मी नाव टाकलं. पहिली चीज झाली आणि दुसरीऐवजी दहावी सुरू झाली. मग अकरावी. चालू चीज तोडवेना, आणि चूक शोधत माझी बोटं कीबोर्डवर धडपडतात तोवर भैरवी लागली. फायलींना मी साधे एक ते बारा आकडे दिले होते, आणि ते यंत्र आकडे अक्षरांसारखे लावत होतं: एक, दहा, अकरा, बारा, मग दोन. एक ते नऊच्या आधी शून्य लावायला मीच विसरलो होतो!

बंद करायला गेलो, तर बाबांनी हात धरला. भैरवी मधे तोडत नाहीत. ती संपली आणि दोघंही उठले.

"अहो, दोन मिनिटांत नीट करतो!"

"भैरवी झाली. आता काय वाजवतं तू?" चाचा म्हणाले.

"चूक मशीनची आहे, चाचा!"

"मैफल मशीनची नोती, गुरुजींची होती."

बाबांनी पाटीवर लिहिलं, पुढच्या रविवारी. मी आठवडाभर चाचांवर धुमसत राहिलो. खरा राग माझाच मला आला होता.

पुढच्या रविवारी लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून, वीज राहणार ती वेळ धरून बसलो. अकरा चिजा ओळीनं झाल्या. बारावी लागणार, तेवढ्यात वीज गेली. वेळापत्रकात नसताना! त्या वर्षांत खेड्यात पंपाला वीज नाही, शहरात पंख्याला नाही, शेतात कापूस वाळून राहिला, आणि यांच्या कागदावर सगळं कसं व्यवस्थित! मी वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

"चूप बस," चाचा म्हणाले. "गुरुजी गाऊन राह्यले."

बाबांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, नुसता श्वास. चाचांनी माझ्या टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि दर समेला "वाह" म्हणत राहिले. पुरती भैरवी झाली. शेवटी बाबांनी हात जोडले. मला रडू आवरेना.

अर्ध्या तासानं वीज आली. बारावी फाईल वाजायची राहिलीच होती. मी ती सुरू केली असती, तर बाबांनी माझ्या कानाखाली काढली असती, आणि बरोबरच केलं असतं.