शिशाच्या शेडमधले श्रीराममामा

माझे मामा, श्रीराम शेवडे, एकवीस वर्षं मिलच्या विणाई खात्यात होते. डोळे मिटून कापडावरून बोट फिरवलं, की तुटलेला धागा त्यांना सापडायचा. आमच्या परदेशीपुरा वस्तीत कुणाकडे लग्न असलं, की कापड पारखायला शेवडेजींनाच नेत.

ब्याण्णवमध्ये मिल बंद पडली. दोन वर्षं मामांनी ती सुरू होण्याची वाट पाहिली. मग गल्लीच्या टोकाला एका पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं काम निघालं, तिथे ते लागले. तोंडाला पंचा बांधायचा, एवढाच बंदोबस्त.

"हे काही तुमचं काम नाही," सुनंदामामी म्हणायची.

"माझं काम बंद आहे ना, सुनंदा."

विणाई खात्यातली ती दमट ऊब, मागावर बोटबोट वाढत जाणारी किनार, याबद्दल ते जेवताना बोलत राहायचे. सुट्टीच्या दुपारी आडवे झाले, की झोपेतही त्यांची बोटं धाग्याला गाठ मारायची.

शेडमध्ये सात वर्षं झाल्यावर आम्ही लालबाग राजवाड्याच्या मैदानातल्या मेळ्यात गेलो. तिथे एक विणकर हातमाग चालवून दाखवत होता. मामा हलेचनात. "जरा मी बसू का?" त्यांनी विचारलं. त्याने जागा दिली. चार-पाच वेळा धोटा फेकला असेल, आणि मामा छाती धरून वाकले.

हृदयविकाराचा झटका होता. डॉक्टरांनी विचारलं, "बिडी ओढता?"

"कभी नहीं, साहेब."

"काम काय करता?"

मामांनी सांगितलं. रक्त तपासलं, त्यात शिसं भरपूर निघालं.

"धुरातलं शिसं रक्तात उतरतं, काका. दाब वाढवतं, हृदयाच्या नळ्या बिघडवतं. झटका त्यानेच आला असं छातीठोक नाही सांगत. पण तिथे परत जायचं नाही."

मामा एकदाच गेले, रघुवीरसाठी. मिलमध्ये दोघांचे माग शेजारी-शेजारी होते; आता तोही शेडमध्ये शिसं वितळवायचा.

"भिया, खून की जाँच करवा ले," मामा म्हणाले.

"जाँच में निकल आया, तो करूँगा क्या?" रघुवीर म्हणाला.

तरी सोमवारी मामा त्याला हाताला धरून दवाखान्यात घेऊन गेले. मागून शेडमधले आणखी तिघे गेले. चौघांच्याही रक्तात शिसं निघालं; ते रिपोर्ट घेऊन मामी सरकारी कचेरीत खेटे घालत राहिली, आणि दीड वर्षाने शेड बंद झाली. रघुवीर दुसऱ्यांदा बेकार झाला. त्यानंतर तो मामांशी बोलला नाही. ते मामांना छातीतल्या दुखण्यापेक्षा जड गेलं.

पुढे मिलचे माग भंगारात निघाले. ते भरलेला ट्रक आमच्या रस्त्याने चालला होता. मामांनी हात करून थांबवला.

"भैया, कौनसी भट्टी में जा रहा है ये?"

"पता नहीं, चाचा."

मामांनी ट्रकच्या फळ्यांमधून हात घालून एका मागाचं लोखंड चाचपलं. ट्रक निघाला, तसे ते मागोमाग चालू लागले. डॉक्टरांनी भरभर चालायला मनाई केली होती. मामीने हाक मारली. ते वळणापर्यंत गेले.