शाळेमागचं आंब्याचं खोड

लोह्याजवळच्या एका गावात मी शिक्षणसेवक होते. तिसरं, शेवटचं वर्ष. मुख्याध्यापकांनी अहवाल चांगला लिहिला तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा नांदेडला घरी बसून शिकवण्या. त्या वर्षी सरांच्या प्रत्येक वाक्याला माझं 'हो सर' ठरलेलं असायचं.

जंगलात अळंबी काय काम करते, हे पाचवीला शिकवायचं होतं. मुलांनी जंगल पाहिलेलं नव्हतं. किनवटकडं हाय म्हणतात, एवढंच त्यांना ठाऊक. अळंबी म्हणजे कुत्र्याची छत्री, आणि कुत्रा मुततो तिथंच ती उगवते, यावर मात्र वर्गाचं एकमत. फळ्यावर चित्रं काढून मी थकले. शेवटी म्हटलं, ओढ्याकाठी कुजलेलं लाकूड सापडलं तर आणा. वर्षभर तोंड न उघडलेली एक मुलगी दुसऱ्या दिवशी म्हशीच्या दाव्याला बांधून आंब्याचं खोड ओढत आली.

ते आम्ही शाळेमागे सावलीत ठेवलं. बाटल्यांतलं उरलेलं पाणी रोज त्यावर ओतायचं काम तिनं आपणहून घेतलं. थोड्याच दिवसांत सालीतून पांढुरक्या छत्र्या वर आल्या. तोंडात घालायच्या नाहीत, असं बजावून मी साल उचलून दाखवली. आत अळंबीचे पांढरे धागे पसरले होते. हे मेलेलं लाकूड खातात, त्याची माती करतात, त्या मातीवर नवी झाडं जगतात, असं मी सांगितलं. ती बराच वेळ वाकून बघत होती.

"म्हंजी हे जंगलाचा सैपाक करून राहिले, बाई?"

इतकं चांगलं मला स्वतःला सांगता आलं नसतं. मी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या.

मग तपासणीचं पत्र आलं. तपासणी म्हटलं की आमच्याकडे आधी शाळा झाडायची आणि मग सगळा पालापाचोळा पेटवून द्यायचा. मुख्याध्यापक शाळेमागे फेरी मारून आले आणि म्हणाले, ते सडकं उद्या दिसता कामा नये. हा पाठ आहे सर, एवढं म्हणायचं होतं. तोंडातून 'हो सर' निघालं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. शिपाई रजेवर, म्हणून खोड उचलून पाल्याच्या ढिगावर टाकायलाही मुलांनाच सांगितलं. पुढचं टोक तिनं धरलं.

"बाई, ते जित्तं हाय ना?"

"साहेब येणार आहेत," मी म्हटलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला माझी लाज वाटली, आणि तरी काडी मीच लावली.

साहेब चांगले होते. भिंतीवरचं मुलांनी काढलेलं अळंबीचं चित्र पाहून त्यांनी नेमकं तिलाच उभं केलं आणि विचारलं, ही काय काम करते? ती माझ्याकडे बघायला लागली. मी मुख्याध्यापकांकडे बघत होते.

"घाण करती, सर. जाळून टाकावं लागतंय."

साहेब हसले. मुलांना स्वच्छतेची जाण आहे, म्हणाले. मुख्याध्यापक खूश झाले. असं नाही गं, एवढंच पुरलं असतं. पण मग तिनं खोडाचं सांगितलं असतं, आणि ते कुठंय, हे साहेबांनी विचारलं असतं. ती अजून उभीच होती, बरोबर आलं का हे माझ्या चेहऱ्यावर शोधत.

मी मान हलवली. ती समाधानानं खाली बसली.