खाडीच्या रंगाची खुर्ची

खुर्चीकाकीचे हात माणसाच्या हातांच्या रंगाचे असलेले मला कधी आठवतच नाहीत. एखाद्या दिवशी ते हळदीने पिवळे, एखाद्या दिवशी कांद्याच्या सालींनी तांबूस, तर कधी थेट मनगटापर्यंत काळपट हिरवे. हळदीकुंकवाला आली की गावातल्या नव्या सुना दचकायच्या. "धुतलेले हाईत गो बाय," म्हणत ती खुशाल हात पुढे करायची. हातमोजे घालायचं कोणी सुचवलं तर उत्तर ठरलेलं होतं, "सूत उगडंच बुडतं ना पान्यात? मंग माज्या हाताना कशाला झबला?"

भिवंडीजवळच्या अंजूर गावात आमच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर. नात्याने ती आमची कोणी नव्हती, पण आमच्या घरात तिच्याशिवाय साधं लोणचंही पडत नसे. तिचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. गावाला ठाऊक होती ती खुर्चीकाकी, आणि त्याला कारण तिने केलेलं वीतभर उंचीचं वेताचं फर्निचर. कोणाच्याही मुलीचं लग्न ठरलं की रुखवतात मांडायला सोफा, झोपाळा, खाट आणि खुर्च्या काकीकडूनच यायच्या. भिवंडीच्या बाजारात थर्माकोलचे बंगले आणि मण्यांचे मोर मिळू लागले, तरी काकीचा सेट नसलेलं रुखवत आमच्या आळीत कोणी मांडलं नाही. मांडलं असतं तर बायकांनी जेवणं सोडून त्याचीच चर्चा केली असती.

वेताचा सांगाडा ती करायची, पण जीव तिचा बैठकीत. बैठक रंगीत सुताने विणलेली असायची. सूत तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या, लूमवरचं, पुठ्ठ्याच्या कोनावर उरलेलं कोरं कॉटन. ते धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढायची, तुरटीच्या पाण्यात ठेवायचं आणि मग चुलीवर रंग चढवायचा. नाक्यावरचा ज्यूसवाला तिच्यासाठी डाळिंबाची सालं राखून ठेवायचा. "काकी, आज अनार कम बिका," म्हणाला तर काकी त्यालाच दटावायची, "तो आवाज देके बेचो ना भय्या! मेरा टोप भूखा हाय उदर!"

रंगावर तिचे स्वतःचे सिद्धांत होते. हळदीबद्दल म्हणायची, "हलद लग्नापुरती. उन दिसला का पलाली." टोपाजवळ उभं राहून कोणी घाई केली की त्याला पिटाळायची. आणि रंग चढला की नाही हे बघण्याऐवजी ती सुताची ओली लडी नाकाशी न्यायची, डोळे मिटून हुंगायची. "डोला फसवतं. ओल्या सुताचा रंग खोटा असतं. वास बग, वास खोटा बोलत न्हाय." मी वळ गावातल्या एका गोदामाच्या ऑफिसात कामाला होते. दिवसभर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास घेऊन आलेल्या माझ्या नाकाला तिच्या लड्यांतलं ओ की ठो कळत नसे.

या इतक्याशा खुर्च्यांवर बसणार तरी कोण, असं मी तिला एकदा विचारलं. ती विणता विणता थांबली. "जी गेलीत ती," म्हणाली. "त्यांना काय लग्नाला यावंसं वाटत नसल? पत्रिका तं कोन देत न्हाय. उभं ऱ्हाऊन बगतील का बिचारी?" प्रत्येक घरची गेलेली माणसं तिला पाठ होती आणि खुर्चीचा रंग ती त्यांच्या आवडीने ठरवायची. हे कुठल्या शास्त्रात आहे, असं आमच्या भटजींनी विचारलं तेव्हा तिने त्यांच्या वडिलांसाठीही एक खुर्ची करून दिली. ती ते पंच्यात गुंडाळून घरी घेऊन गेले.

तिचा सगळ्यांत गाजलेला रंग म्हणजे खाडीचा. ओहोटीला पाणी मागे सरकल्यावर चिखल जसा करडा, हिरवट आणि थोडा चमकता दिसतो, अगदी तसा. तो तिच्याशिवाय कोणाला साधला नाही. डाळिंबाची सालं आणि हिरडा तर बाकीच्या बायकाही घालायच्या, पण त्यांचं सूत पिवळ्यावर येऊन अडायचं. हा रंग माझ्या आजीच्या आवडीचा होता. काकी आणि आजी तरुणपणी ओहोटीला बरोबर खाडीवर जायच्या, गुडघाभर चिखलात उतरून शिंपल्या वेचायच्या आणि भरती चढेपर्यंत सासवांच्या नकला करायच्या. आजी गेली तेव्हा काकी रडली नाही, फक्त तिचा मातीने माखलेला शिंपल्यांचा टोपला मागून घेऊन गेली.

माझं लग्न ठरलं आणि काकीने माझा सेट करायला घेतला. सगळा खाडीच्या रंगात, कारण आजी येणार होती. सोफा झाला, झोपाळा झाला, खाट झाली, आणि खुर्च्यांच्या वेळेला सूत संपलं. त्यात काय एवढं, नवीन रंगवायचं. दिवाळीला तिच्या भाच्याने तिला स्टीलचा मोठा चकचकीत टोप दिला होता. काकीला त्याचं इतकं कौतुक की रंगाची जुनी गंजकी लोखंडी कढई तिने दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन लसूण घेतला होता. नव्या टोपात तिने सालं उकळली, हिरडा घातला, लडी बुडवली. लडी निघाली पिवळी.

तिने परत केलं. परत पिवळी. सालं बदलली, हिरडा दुसऱ्या दुकानातून आणला, विहिरीचं पाणी सोडून नळाचं घेतलं. पडवीतल्या बांबूवर पिवळ्या लड्यांची रांग लागली आणि त्यांच्याखाली काकी भिंतीला टेकून बसलेली.

"हात गेला माजा," ती आईला म्हणाली. "म्हातारी झालू आता. तू बाजारातनं सेट घेऊन ये."

"काकी, खुर्च्या पिवळ्या झाल्या म्हणून कोण बोलणार आहे?" आई म्हणाली.

"कोन बोलनार? तुजी सासू बोलल! जन्मात कदी पिवला लुगडा नेसली न्हाय ती. नातीच्या लग्नात तिला पिवल्या खुर्चीवर बसवू?" आणि मग आजी गेली तेव्हा आलं नव्हतं ते रडू तिला आत्ता आलं. आम्ही दोघी नुसत्या तिच्याजवळ बसलो. काकीचं रडणं कसं थांबवायचं हे आम्हांला माहीतच नव्हतं, कधी गरजच पडली नव्हती.

लग्न जवळ आलं. काकी रंगाचं नाव काढेना. एका सकाळी आई केळफूल घेऊन तिच्याकडे गेली, निदान हाताला चाळा मिळेल म्हणून. काकी विळी घेऊन चिरायला बसली. मी समोर कॉफीचा कप घेऊन लग्नाच्या साड्यांबद्दल काहीबाही बडबडत होते. चिरता चिरता काकी थांबली. हाताला तेल लावायला विसरली होती. बोटं काळी झाली होती आणि विळीच्या लोखंडी पात्यावर केळफुलाचा रस निळसर काळा सुकला होता. ती बोटांकडे बघत राहिली. मग बोटं नाकाशी नेली आणि डोळे मिटले.

"कढई!" ती किंचाळली. "गो, माजी कढई! लसनाला दिली मी कढई!"

मला काही कळेना. ती मला गदागदा हलवत होती, "लोखंड गो! रंग माज्या हातात नव्हता, कढईत होता. आनि मी बया टोपाच्या चकचकीला भुलली!" रडून सुजलेले डोळे आता हसून मिटत होते. भंगारवाल्याला शोधायला मी निघाले, पण ती कढई एव्हाना कुठल्या भट्टीत वितळली असेल कोण जाणे.

तेव्हा काका उठले. काका म्हणजे अबोल माणूस. त्यांची लूम बंद पडली, शेवटी घणाने फोडून भंगारात गेली, तरी ते त्याबद्दल चकार शब्द बोलले नव्हते. लूम फोडली त्या दिवशी येताना तिचं एक दातेरी चाक तेवढं हातात घेऊन आले होते. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ते उंबऱ्याशी पडून असायचं, गंजलेलं. काकांनी ते उचललं, त्याचं जुनं वंगण राखेने घासून काढलं आणि काकीच्या पुढ्यात ठेवलं.

"यो घालू?" काकीने विचारलं. आवाज एकदम हळू झाला होता.

"घाल," काका म्हणाले. "पडून तं हाय."

चाक टोपात गेलं. काकी चुलीशी बसून राहिली, कारण लोखंड जास्त झालं तर सूत कुजतं. पिवळी लडी हळूहळू करडी झाली, मग हिरवट, मग तिच्यावर ती ओली चमक आली. काकीने लडी बाहेर काढून हुंगली आणि काकांच्या नाकाशी धरली. काकांनीही डोळे मिटून वास घेतला. "जरा काला आला न्हाय?" त्यांनी विचारलं. "येनारच," काकी म्हणाली. "आता त्यात तुमची लूम पन हाय."

माझ्या रुखवतात त्या खुर्च्या सोफ्यापेक्षा किंचित गडद दिसत होत्या. माझ्या सासरच्या एका चौकस बाईंनी ते बोलून दाखवलंच. काकीने त्यांना तोंडभर हसून सांगितलं, "सोफा पावन्यांचा हाय, बाय. खुर्च्या घरच्यांच्या." निरोपाच्या वेळी तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिचे हात हिरवे होते आणि माझ्या गालांवरची हळद पिवळी. फोटोत ते फार विचित्र दिसतं आणि मला तोच फोटो सगळ्यांत आवडतो.

पुढे काही वर्षांनी काकी गेली. थोड्याशा तापाचं निमित्त झालं. मी माहेरी पोचले तेव्हा पडवीतला बांबू रिकामा होता. दिवसकार्य झाल्यावर काका आमच्याकडे आले. पिशवीत ते चाक होतं. "तू ने," एवढंच म्हणाले. मी नेलं, पण कितीतरी दिवस ते माझ्या ओट्याखाली तसंच पडून होतं. टोप चढवायची हिंमत होत नव्हती म्हणा, किंवा पिवळं सूत निघेल याची भीती.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मी सालं गोळा केली, सूत उकळलं, चाक टोपात टाकलं आणि गॅससमोर स्टूल घेऊन बसले. वेताचं काम मला जेमतेम जमलं. सेटबिट काही नाही, दोनच खुर्च्या झाल्या, त्यांतली एक थोडी लंगडी. रुखवताच्या टेबलावर, थर्माकोलच्या बंगल्याशेजारी, मी त्या एकमेकींना चिकटून मांडल्या. दोघींना सासवांच्या नकला करायला सोपं पडावं म्हणून.

काका उशिरा आले. काठी टेकत ते टेबलापाशी गेले, खुर्च्यांकडे बघत उभे राहिले आणि लंगडी खुर्ची उचलून त्यांनी नाकाशी नेली. डोळे मिटले. मी बाजूला उभी होते.

"हाय," ते म्हणाले. "तिचाच हाय."

खुर्ची त्यांनी होती तिथे, आजीच्या खुर्चीला चिकटून ठेवली. मग मंडपातली एक मोठी खुर्ची ओढून आणली आणि ते रुखवताशेजारी बसून राहिले. पंगत बसली तेव्हा मी बोलवायला गेले, तर म्हणाले, "तुमी घ्या जेवून. आमी बसलोय."