उलांडी कुठल्या अंगाला

आबा तांडेलांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, हात लांबवून धरला, पुन्हा जवळ आणला आणि टेबलावर पालथा टाकला.

"बाय, असली होडी आमच्या दर्यात नाय."

मला हसू आलं. फोटो शिरोड्याच्या किनाऱ्यावरचा. काढणारा फोटोग्राफर शिरोड्याचा. होडीजवळ उभ्या असलेल्या दोघांची नावं पाच मिनिटांपूर्वी खुद्द आबांनीच सांगितलेली. आबांचं वय चौऱ्याऐंशी, उभा जन्म मासेमारीत गेलेला. मी मनात म्हटलं, दमले असतील, आणि चहा मागवू का म्हणून विचारलं.

"चाय ऱ्हवांदे," ते म्हणाले. "उलांडी बघ खंय बांधलीहा. उजव्या अंगाक. उलांडी कोण उजव्या अंगाक बांधता?"

उलांडी म्हणजे होडीच्या एका बाजूला दोन आडव्या दांड्यांनी बांधलेला लांब ओंडका. त्याच्यामुळे होडी लाटेत कलंडत नाही. तो एकाच बाजूला असतो हे मला माहीत होतं, लहानपणापासून बघतेय. पण कुठल्या बाजूला? खरं सांगते, कुणी विचारलं असतं तर मी बावळटासारखी बघत राहिले असते. आबांनी समजावलं. होडीत पुढे तोंड करून बसलं की उलांडी डाव्या हाताला. जाळं उजवीकडून सोडायचं, तिथे ओंडक्याची अडचण कशाला? त्यांच्या बापाची होडी तशी, आज्याची तशी, अख्ख्या वाड्याची तशी.

मी होड्यांचे आणखी काही फोटो काढून टेबलावर मांडले. प्रत्येक होडीची उलांडी उजवीकडे.

तो सोमवार होता. शुक्रवारी मुंबईहून केतकर मॅडम येणार होत्या. त्यांनी आमचं काम पास केलं तरच हा सगळा संग्रह आमच्या वाचनालयात राहणार होता. नाहीतर टेम्पो येणार आणि अकराच्या अकरा खोकी मुंबईला जाणार.

थोडं मागचं सांगते. मी या वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे. कादंबरी द्या, चरित्र द्या, पाकशास्त्र द्या, दोन मिनिटांत नंबर लावून कपाटात ठेवते. फोटोंशी माझा संबंध घरच्या अल्बमपुरता. मग शिरोड्याच्या सुलभाताईंनी आपल्या वडिलांनी काढलेले फोटो आणि निगेटिव्ह आमच्याकडे दिले. वडिलांचा तिथे स्टुडिओ होता आणि मोठा लाकडी कॅमेरा खांद्यावर टाकून ते किनाऱ्यानं गावोगाव फिरायचे. सुलभाताईंचा भाचा मिलिंद मुंबईत असतो. त्याचं म्हणणं, खाऱ्या हवेत याला बुरशी लागेल, मुंबईत एका मोठ्या संस्थेकडे एसी खोली आहे, शिकलेली माणसं आहेत, तिकडे द्या. तो चुकीचं बोलत नव्हता, म्हणून तर माझा जास्त जळफळाट होत होता.

सुलभाताई ऐंशीच्या. त्या एकच म्हणायच्या, "थंय ह्यांका ओळखतलो कोण, गो?"

शेवटी तोडगा निघाला. त्याच संस्थेच्या केतकर मॅडम मला तीन दिवस शिकवणार, मी एका खोक्याचा कॅटलॉग करून दाखवायचा, आणि मग त्या ठरवणार. मावशी आणि भाचा दोघांनी त्यांचा शब्द शेवटचा मानला होता.

फोटोचा कॅटलॉग करणं हे पुस्तकाच्या कॅटलॉगपेक्षा किती वेगळं असतं, हे मला त्या तीन दिवसांत कळलं. पुस्तक स्वतःच आपलं नाव, गाव, लेखक सांगतं. पहिलं पान उघडा आणि उतरवून घ्या. फोटो काहीच सांगत नाही. पाठीमागे पेन्सिलीनं लिहिलेलं असलं तर नशीब. नाव आपणच द्यायचं आणि ते चौकटी कंसात लिहायचं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की हे नाव फोटोग्राफरनं नाही, ग्रंथपालानं दिलंय. नावात जे दिसतं तेच लिहायचं. मी पहिल्या दिवशी मोठ्या हौसेनं लिहिलं, "आनंदी मासेवाली". मॅडमनी विचारलं, "आनंदी कशावरून?" मी म्हटलं, हसतेय ना. त्या म्हणाल्या, "फोटोग्राफरनं हस म्हटलं असेल. तुम्ही 'हसणारी' लिहा." बाई कडक. पण मला पटलं.

खोक्यात एकशे बेचाळीस ग्लास प्लेट होत्या. फिल्म यायच्या आधी फोटो काचेवर निघत, तीच ही निगेटिव्ह. तिची एक बाजू चकचकीत, नुसती काच. दुसऱ्या बाजूला रसायनाचा थर, तो डोळ्याला जरा मंद दिसतो. चित्र त्या थरात असतं. चकचकीत बाजू आपल्याकडे धरली की चित्र बरोबर दिसतं. मंद बाजू धरली की आरशातल्यासारखं, डाव्याचं उजवं.

मी प्रत्येक प्लेट खालून उजेड येणाऱ्या टेबलावर ठेवून वरून कॅमेऱ्यानं कॉपी केली आणि त्या कॉपीचा प्रिंट काढला; सोमवारी आबांच्या हातात होता तो त्यातलाच एक. थराला ओरखडा पडू नये म्हणून मंद बाजू वर ठेवली. एवढी काळजी की विचारू नका, श्वास रोखून ठेवायची. पण मंद बाजू वर म्हणजे कॅमेऱ्याला चित्र उलटं दिसणार. ते नंतर कॉम्प्युटरवर फ्लिप करायचं असतं. माझ्या ट्रेनिंगच्या वहीत हे वाक्य होतं. मी त्याच्याखाली लाल पेनानं दोन रेघा मारल्या होत्या. आणि केलं नव्हतं. खोकं सगळं समुद्राचं आणि वाळूचं, एकही दुकानाची पाटी नाही की अक्षरं उलटी दिसून डोळे उघडावेत. रोज साडी नेसणाऱ्या मला एवढ्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावर दिसला नाही, याची मात्र मला आजही लाज वाटते.

फ्लिप करायला एक क्लिक पुरते. खरा घोळ एन्ट्रीत होता. आम्ही माणसांची नावं "डावीकडून" अशी लिहितो. आबांनी आणि सुलभाताईंनी ओळखून दिलेली नावं मी त्या उलट्या फोटोंवरून ओळीनं लावली होती. फोटो सुलटा केला की पहिला शेवटी जाणार आणि शेवटचा पहिला होणार. कुणाचा आजा कुणाच्या गळ्यात पडला असता! शंभरावर एन्ट्री पुन्हा तपासायच्या होत्या आणि हातात मंगळवार, बुधवार, गुरुवार.

मी सुलभाताईंना फोन करून सरळ सांगितलं की माझ्याकडून चूक झालीय. मला वाटलं, त्या रडतील. त्या म्हणाल्या, "झाली तर झाली. आता बस आणि निस्तर." आबांना मी बोलावलं नव्हतं, पण ते मंगळवारी सकाळी वाचनालय उघडायच्या आत पायरीवर येऊन बसलेले होते. मग तीन दिवस आमचा एकच उद्योग. मी स्क्रीनवर फोटो लावायची, आबा नावं सांगायचे, मी एन्ट्री सुधारायची. पेपर वाचायला येणारी मंडळीही मागे उभी राहून बघायला लागली. एकानं आपल्या आजीला ओळखलं आणि तो घरी जाऊन आईला घेऊन आला.

गुरुवारी दुपारी सत्त्याऐंशी नंबरची प्लेट आली आणि आम्ही अडलो. बाकी सगळ्या फोटोंत उलांडी आता डावीकडे होती. या एका फोटोत फ्लिप केल्यावर ती उजवीकडे गेली. मी मूळ प्लेट काढली. चकचकीत बाजू माझ्याकडे धरली. उलांडी उजवीकडे. तीनदा बघितलं. नियम म्हणतो फोटो बरोबर आहे आणि आबा म्हणतात चूक आहे.

आबांना विचारलं, एखाद्यानं कधी हौसेनं उजवीकडे बांधली असेल का? त्यांनी कपाळावर हात मारला. तेवढ्यावरून मी समजले.

मी पुन्हा सुलभाताईंना फोन लावला. बाबा किनाऱ्यावर प्लेट कशी भरायचे, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, काळ्या कापडाची पिशवी असायची, तिला दोन बाह्या. बाबा त्यात हात घालून, न बघता, बोटांनी चाचपून प्लेट बदलायचे आणि पिशवी धरून बसायचं काम त्यांचं, म्हणजे लहानग्या सुलभाचं. घाईत कधी प्लेट उलटी भरली जायची, मग बाबा स्वतःवरच चिडायचे. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. थर लेन्सकडे हवा, तो पाठीमागे गेला. मग चकचकीत बाजू आपल्याकडे धरून नियमानं बघितलं तरी चित्र उलटंच दिसणार.

आता करायचं काय? प्लेट खोक्याच्या तळाशी सरकवून गप्प बसता आलं असतं. मॅडम सगळ्या थोड्याच बघणार होत्या? क्षणभर मनात आलंही. पण मी फोटो आबांच्या म्हणण्याप्रमाणे लावला, एन्ट्रीत 'प्लेट उलटी भरली गेली' एवढं कारण लिहिलं आणि सोबत एका कागदावर सोमवारची माझी चूकही लिहून ठेवली. लपवून पास होण्यात मजा नाही.

शुक्रवारी मॅडम आल्या, सोबत मिलिंद. सुलभाताई शिरोड्याहून रिक्षा करून आल्या होत्या, आबा इस्त्रीचा शर्ट घालून. मॅडमनी माझ्या चुकीचा कागद वाचला आणि बाजूला ठेवला. मग एकेक एन्ट्री, एकेक प्लेट. आणि पुढे त्या बरोबर सत्त्याऐंशीवर थांबल्या.

"ही तुम्ही पुन्हा उलटी लावलीत. कारण वाचलं, पण प्लेट वेगळं सांगतेय."

मिलिंदनं मान हलवली. सुलभाताईंनी पदराचं टोक हातात धरलं. मी म्हटलं, "मॅडम, प्लेट कॅमेऱ्यात उलटी भरली गेलीय. होडी खोटं बोलणार नाही."

"होडीवरून कसं कळलं?"

मी आबांकडे बोट केलं. आबा ऑफिसातली भाषा बोलायचा प्रयत्न करत म्हणाले, "बाईसाहेब, उलांडी डावीकडेच असते." आणि मग न राहवून, "माजो जल्म गेलो होडयेत. माका नाय कळाचा?"

मॅडमनी पर्समधून भिंग काढलं. सत्त्याऐंशी नंबरची प्लेट उजेडावर ठेवली, शेजारी त्याच दिवशी काढलेली शहाऐंशी नंबरची ठेवली आणि दोन्हींतल्या होड्यांच्या दोऱ्या बराच वेळ न्याहाळल्या. शेवटी भिंग माझ्या हातात दिलं. "बघा. ही जराशी पुसट आहे. प्रकाश आधी काचेतून गेला आणि मग थरावर पडला, म्हणून फोकस हलला. उलटीच भरलीय."

मी बघितलं. शहाऐंशीतली दोरी सुईसारखी स्पष्ट, सत्त्याऐंशीतली फिकट. आबा बरोबर होते. आम्ही बरोबर होतो. मला इतका अभिमान वाटला की मी भिंग आबांच्या हातात दिलं.

मॅडम मिलिंदकडे वळल्या. "आमच्याकडे एसी आहे, भिंग आहे, शिकलेली माणसं आहेत. पण ही प्लेट आमच्याकडे आली असती तर आम्ही 'उजवीकडे उलांडी असलेली होडी' असं लिहून मोकळे झालो असतो, आणि पुढे कुणीतरी ते खरं धरलं असतं. संग्रह इथेच राहू दे. यांना हवेतला ओलावा शोषणारं मशीन मिळवून देऊ. आम्हाला फक्त कॉपी द्या."

मिलिंद भला माणूस. त्यानं लगेच मावशीच्या पायांना हात लावला. सुलभाताईंनी त्याच्या पाठीवर एक चापट दिली आणि मग डोळे पुसले.

जाण्याआधी मॅडमनी सत्त्याऐंशीची एन्ट्री पुन्हा उघडायला लावली. त्यात एक रकाना असतो, माहिती कुठून मिळाली त्याचा. पुस्तकावरून घेतली तर पुस्तकाचं नाव, कागदावरून तर कागदाचं. मी तिथे "स्थानिक माहिती" असं लिहिलं होतं.

"हे चालणार नाही," मॅडम म्हणाल्या. "माहिती देणाऱ्याला नाव असेल ना?"

मी ते खोडून आबांचं खरं नाव लिहिलं, "भिकाजी तांडेल, मच्छीमार." आबांनी मला ते मोठ्यानं वाचायला लावलं, दोनदा. आता कुणी फोटोतली माणसं ओळखून द्यायला आलं की त्या रकान्यात त्याचं नाव मी आधी लिहून घेते आणि मगच बाकीचं विचारते.